घोडेस्वाराची बंदूक: अमेरिकन कार्बाइन आणि मागच्या फटीचा प्रश्न

धावत्या घोड्यावर ठासणीची बंदूक भरायची म्हणजे काय काय करायचं, ते आधी नीट बघू. एका हातात लगाम. दुसऱ्या हातानं कागदी पुडी काढायची, दातानं फाडायची, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, वर शिशाची गोळी सोडायची. मग लांब गज उपसून गोळी तळापर्यंत ठासायची, गज परत जागेवर खोचायचा, मागच्या बाजूला केप, म्हणजे ठोक्यानं ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची आणि त्यानंतर नेम धरायचा. पायदळाचा शिपाई जमिनीवर उभा राहून हे मिनिटाला दोन-तीनदा करायचा. स्वाराच्या मांडीखाली जनावर हलत असतं, दारू निम्मी हवेत जाते, गज हातातून निसटतो. इतकं करून बंदूक भरली आणि ती तोंड खाली करून खोगिराशी लटकवली, तर घोड्याच्या धक्क्यांनी गोळी घरंगळत पुढे येते आणि नळीतून बाहेरही पडते.

म्हणून जगभरच्या घोडदळांनी आखूड नळीची, हलकी बंदूक घेतली. तीच कार्बाइन. अमेरिकेच्या पायदळाच्या 1861 सालच्या स्प्रिंगफील्ड बंदुकीची नळी 40 इंचांची होती. त्याच काळातल्या बहुतेक कार्बाइनची 20 ते 22 इंचांची. पण नुसती नळी कापून भागत नाही. भरण्याची कटकट तशीच राहते. त्यावर खरा उपाय एकच: गोळी आणि दारू तोंडातून न घालता मागून घालायची.

मागून घालायची तर नळीचं मागचं तोंड उघडता आलं पाहिजे. उघडणारं तोंड म्हटलं की फट आली, आणि दारू पेटली की त्या फटीतून तापलेला वायू सुटतो, तोही नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. गोळीमागचा जोर कमी होतो तो वेगळाच. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कार्बाइनचा इतिहास या फटीभोवतीच फिरतो, असं माझं मत आहे. संग्राहक नळ्या, शिक्के आणि नंबर यांबद्दल तासन्‌तास बोलतात, आणि त्यात मजाही आहे. पण यातली प्रत्येक बंदूक तशी का घडवली, हे कळायचं असेल तर आधी तिचं काडतूस बघावं लागतं.

अमेरिकेच्या लष्कराकडे बरीच वर्षं कायमचं घोडदळ नव्हतं. 1833 मध्ये ड्रॅगून, म्हणजे घोडेस्वार शिपायांची, रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्यासाठी हॉल कार्बाइन आली. जॉन हॉल या मेन राज्यातल्या कारागिरानं मागून भरायच्या बंदुकीचं पेटंट 1811 मध्येच घेतलं होतं. पुढे हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रकारखान्यात त्यानं रायफली बनवल्या, आणि एका रायफलीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसेल इतक्या काटेकोर मापात बनवल्या. कारखानदारीच्या इतिहासात ही मोठीच मजल होती. त्याच रचनेची कार्बाइन सिमियन नॉर्थनं कनेक्टिकटमध्ये तयार केली. खटका दाबला की नळीच्या मागचा ठोकळा पुढच्या टोकानं वर उचलला जायचा. त्याच्या पोकळीत दारू आणि गोळी भरायची, ठोकळा खाली दाबायचा, केप लावायची. गजाची गरजच नाही.

मात्र ठोकळा आणि नळी यांच्यामधली फट बुजवायला हॉलच्या बंदुकीत काहीच नव्हतं. नवी बंदूक घट्ट असायची. वापरता वापरता सांधा झिजायचा आणि वायू सुटायला लागायचा. मग लष्करानं आज वाचताना चमत्कारिक वाटेल असा निर्णय घेतला: 1847 मध्ये घोडदळासाठी पुन्हा ठासणीची आखूड बंदूक आणली, मस्केटून नावाची. गज हरवू नये म्हणून तो नळीला सांधून ठेवला होता. स्वारांना ती कधीच आवडली नाही. गोळी घरंगळण्याचं जुनं दुखणं तिच्यात पुरेपूर होतं. लष्कराचं हे पहिलं माघारीचं पाऊल. दुसरं पुढे येईलच.

ख्रिश्चन शार्प्स हा तरुणपणी हार्पर्स फेरीला हॉलच्याच हाताखाली काम करत होता, त्यामुळे सुटणाऱ्या वायूचा प्रश्न त्याला आतून माहीत होता. 1848 मध्ये त्यानं जे पेटंट घेतलं, ते पुढची तीस वर्षं टिकलं. त्याच्या बंदुकीत चापाभोवतीचं कडं हीच दांडी. ती खाली ओढली की नळीच्या मागचा जाड पोलादी ठोकळा उभ्या खाचेतून खाली सरकतो. नळीचं मागचं तोंड मोकळं होतं. कागदाचं किंवा तागाच्या कापडाचं काडतूस अंगठ्यानं आत ढकलायचं आणि दांडी वर घ्यायची. वर येताना ठोकळ्याची धार काडतुसाची शेपटी कापते, आतली दारू उघडी पडते, केपेची ठिणगी थेट तिच्यावर. दोन-चार कण बाहेर सांडतात, त्यानं बिघडत नाही. घोड्यावर बसून, हातमोजे घालूनही हे जमतं. फट बुजवायला शार्प्सनं आणि नंतर त्याच्या कंपनीतल्या लॉरेन्सनं ठोकळ्याच्या तोंडाशी एक सरकती चकती बसवली. वायूच्या दाबानं तीच नळीवर घट्ट बसायची. वायू पूर्ण थांबला नाही, पण स्वाराला चालेल इतका कमी झाला.

ऑक्टोबर 1859 मध्ये जॉन ब्राऊन गुलामगिरीविरुद्ध उठाव करायला शस्त्रसाठा ताब्यात घेण्यासाठी हार्पर्स फेरीवर चालून गेला, तेव्हा त्याच्या माणसांच्या हातात शार्प्स कार्बाइन होत्या. जिथे शार्प्स ही विद्या शिकला, तिथेच त्या पोहोचल्या. दीड वर्षात अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाची ती प्रसिद्ध तेजी आली. चार वर्षांत उत्तरेच्या सरकारनं 80 हजारांहून अधिक शार्प्स कार्बाइन विकत घेतल्या.

तेवढ्यानं पुरं पडलं नाही. घोडदळ झपाट्यानं वाढत होतं आणि सरकार मिळेल ती कार्बाइन घेत होतं. स्मिथ, मेनार्ड, गॅलेगर, मेरिल, स्टार, जॉसलिन, बॅलार्ड अशी डझनावर नावं आहेत आणि बहुतेकीचं काडतूस वेगळं. दारूगोळा पोहोचवणाऱ्या खात्याचे काय हाल झाले असतील याची कल्पना करा. आघाडीवर पेटी येते, फोडावी तर आतली काडतुसं भलत्याच बंदुकीची. शस्त्रखात्याचा प्रमुख जेम्स रिप्ली नव्या बंदुकांना विरोध करायचा म्हणून इतिहासात बदनाम आहे, पण त्याची ही एक चिंता अगदी रास्त होती.

या गर्दीत फट बुजवायचे किती मार्ग सुचले, ते बघण्यासारखं आहे. गिल्बर्ट स्मिथनं रबरी वेष्टनाचं काडतूस केलं. एडवर्ड मेनार्ड हा पेशानं दंतवैद्य. त्यानं पितळी काडतूस केलं, बुडाला रुंद चकती आणि मध्ये बारीक भोक. ठिणगी बाहेरच्या केपेतून भोकावाटे आत. अँब्रोज बर्नसाइडनं पितळेचंच निमुळतं काडतूस केलं, तेही बुडाला भोक असलेलं, आणि तोंडाजवळ एक फुगीर कडं ठेवलं. ते कडं नेमकं सांध्यावर बसायचं. बर्नसाइडनं या बंदुकीसाठी लष्करातली नोकरी सोडली, सरकारी कंत्राट हुकलं, कर्जात बुडाला आणि पेटंट हातचं गेलं. युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं त्याच्या नावाच्या सुमारे 55 हजार कार्बाइन घेतल्या, पण नफा दुसऱ्यांचा. तो स्वतः जनरल झाला आणि डिसेंबर 1862 मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या दारुण पराभवामुळे लोकांच्या लक्षात राहिला. माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. त्याची कार्बाइन त्याच्या सेनापतीपणापेक्षा कितीतरी सरस होती.

धातूच्या काडतुसानं हा प्रश्न सोडवला कसा? प्रेशर कुकरची रबरी रिंग आठवा: आत वाफ कोंडली की दाबानं रिंग झाकणाला आणखी चिकटते, म्हणजे गळती थांबवायचं काम वाफच करते. काडतुसाचं पातळ पितळ तसंच. दारू पेटली की आतल्या दाबानं ते फुगतं आणि नळीच्या भिंतीला सगळीकडून चिकटतं. वायूला मागे यायला वाटच उरत नाही. गोळी नळीबाहेर गेली की दाब उतरतो, पितळ किंचित आकसतं आणि रिकामं काडतूस ओढून काढता येतं. म्हणजे बंदुकीचा सांधा आयुष्यभर घट्ट ठेवायची गरज नाही. दर गोळीला नवं बूच मिळतं. यातलं ‘किंचित आकसतं’ लक्षात ठेवा. पितळ आकसतं. तांबं मऊ असतं, ते तितकं आकसत नाही.

बर्नसाइड आणि मेनार्ड यांची एक अडचण उरली होती. केप अजून वेगळीच लावावी लागायची. ती काडतुसाच्या आत आणली क्रिस्टोफर स्पेन्सरच्या बंदुकीनं. मार्च 1860 मध्ये त्याला पेटंट मिळालं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. काडतूस तांब्याचं, आणि बुडाच्या दुमडलेल्या काठात स्फोटक मसाला भरलेला. काठावर ठोका बसला की काडतूस पेटतं. कुंद्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाच्या, आत एक लांब नळकांडं, त्यात एकामागे एक सात काडतुसं. दांडी खाली केली की रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, वर घेतली की पुढचं आत बसतं, ठोका मारणारा हॅमर अंगठ्यानं मागे ओढायचा, चाप दाबायचा. कुंद्यातलं नळकांडं रिकामं झालं की नवी सात काडतुसं घालायची. त्यासाठी 1864 मध्ये ब्लेकस्लीची पेटी आली, आधीच भरून ठेवलेल्या पत्र्याच्या नळ्यांची.

बोस्टनमध्ये चिकरिंग पियानोच्या कारखान्याच्या इमारतीत या बंदुका तयार झाल्या. ऑगस्ट 1863 मध्ये स्पेन्सर थेट अध्यक्ष लिंकनना भेटला आणि दोघांनी मोकळ्या जागेत एका फळीवर नेमबाजी करून पाहिली. कार्बाइनचा पुरवठा त्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू झाला. युद्ध संपेपर्यंत सरकारनं 90 हजारांहून अधिक घेतल्या. तारखेकडे नीट पाहा. 1 जुलै 1863 ला गेटिसबर्गच्या लढाईत उत्तरेच्या जनरल बुफर्डच्या घोडदळानं सकाळभर दक्षिणेच्या पायदळाला रोखून धरलं, ते स्पेन्सरच्या जोरावर, असं अजूनही लिहिलं जातं. स्पेन्सर कार्बाइन तेव्हा कोणाकडेच नव्हती. बुफर्डच्या स्वारांकडे एकेक गोळीच्या, मागून भरायच्या कार्बाइन होत्या, शार्प्स आणि तिच्यासारख्या. कामगिरी खरी आहे. तीही घोड्यावरून उतरून केलेली: चारातला एक जण चौघांचे घोडे धरून मागे थांबायचा, उरलेले तिघे जमिनीवरून लढायचे. अमेरिकेच्या घोडदळाची लढाई बरेचदा अशीच असायची. झाडाआड आडवं पडून मागून बंदूक भरता येते, ठासणीची बंदूक भरायला उठावं लागतं. कार्बाइनचा खरा फायदा तिथे दिसला.

दक्षिणेकडे चित्र वेगळं होतं. रिचमंडला रॉबिन्सनच्या कारखान्यात शार्प्सच्या काही हजार नकला झाल्या. लढाईत पकडलेली शार्प्स त्यांना सोन्यासारखी वाटायची, कारण कागदाचं काडतूस घरच्या घरी वळता येतं. पकडलेल्या स्पेन्सरचा उपयोग मात्र जवळची काडतुसं संपेपर्यंतच. तांबं आणि यंत्रं नसलेल्या देशाला ती काडतुसं करता येत नव्हती.

युद्ध संपलं आणि लष्करानं दुसऱ्यांदा माघार घेतली. सात गोळ्यांची कार्बाइन सोडून 1870च्या दशकात घोडदळाला परत एकेक गोळीची बंदूक मिळाली: 1873ची स्प्रिंगफील्ड, जिला सगळे ट्रॅपडोअर म्हणतात. हा निर्णय मूर्खपणाचा होता असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही.

कारण पुन्हा काडतुसातच आहे. काठावर ठोका मारून पेटवायचं तर काठ पातळ हवा, नाहीतर तो चेपणार नाही. काठ पातळ म्हटला की आत फार दारू भरता येत नाही, काडतूस फुटेल. स्पेन्सरच्या काडतुसात जेमतेम 3 ग्रॅम दारू मावायची. पूर्वेच्या जंगलात ते चाललं, पण पश्चिमेच्या उघड्या माळावर लष्कराला लांबचा पल्ला हवा होता. त्यासाठी बुडाच्या मध्यावर ठोका घेणारं, भक्कम, लांब काडतूस पाहिजे होतं, आणि त्या काळातल्या सात गोळ्यांच्या यंत्रणेत इतकं लांब काडतूस मावत नव्हतं. दुसरं कारण पैशाचं. युद्धानंतर सरकारकडे ठासणीच्या लाखो बंदुका पडून होत्या. स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या अर्स्किन ॲलिननं त्यांच्या नळीचा मागचा भाग वरून कापून तिथे बिजागरीचं झाकण बसवलं. झाकण उघडा, काडतूस घाला, बंद करा. 1873ची बंदूक त्याच कल्पनेचं नवं, घोटून पक्कं केलेलं रूप. जनरल आल्फ्रेड टेरी यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळानं 1872-73 मध्ये शंभराच्या आसपास नमुने तपासले, त्यांच्यावर वाळू उडवली, त्यांना गंज चढवला आणि मग ही निवडली.

गोळीचा व्यास 0.45 इंच, वजन 26 ग्रॅम. पायदळाच्या काडतुसात साडेचार ग्रॅम दारू, कार्बाइनच्या काडतुसात साडेतीन, कारण सव्वातीन किलोच्या आखूड बंदुकीचा धक्का खांद्याला सोसवत नाही. आणि काडतूस तांब्याचं.

25 जून 1876, मोंटानामधली लिटल बिगहॉर्न नदी. सातव्या घोडदळाचा अधिकारी जॉर्ज कस्टर याच्या हाताखालच्या पाच तुकड्या लाकोटा, शायान आणि अरापाहो या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांशी लढताना पूर्ण कापल्या गेल्या, कस्टरही गेला. सातव्या घोडदळाकडे याच कार्बाइन होत्या. त्या मोहिमेचे वरिष्ठ सेनापती होते तेच टेरी, आणि त्याच लढाईत वेगळ्या टेकडीवर अडकलेला मेजर मार्कस रीनो टेरींच्या निवड मंडळाचा सदस्य होता. निवडणारे दोघंही आपल्या निवडीच्या परीक्षेच्या वेळी त्याच मोहिमेवर होते.

काडतुसं अडकली म्हणून कस्टर हरला, ही समजूत फार पसरलेली आहे. अडकायची, हे खरं. तांबं फुगलं की पुरतं आकसत नाही. कातडी पट्ट्यात राहून काडतुसावर हिरवट कीट चढतं, ते गरम नळीत चिकटतं. मग काडतूस ओढून काढणारा आकडा काडतुसाचा काठ फाडून येतो आणि बाकीचं काडतूस आतच. स्वाराला ते सुरीच्या टोकानं उकरावं लागायचं. पण किती वेळा? रीनोनं नंतर शस्त्रखात्याला कळवलं की 380 कार्बाइनपैकी 6 निकामी झाल्या. 1983 मध्ये त्या रणांगणावर गवताला आग लागली, जमीन उघडी पडली आणि 1984 पासून पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ती इंच इंच तपासली. हजारो वर्षांपूर्वीची भांडी शोधणारी विद्या इथे पोलिसी तपासासारखी वापरली गेली: प्रत्येक काडतुसावरची ठोका मारणाऱ्या पिनेची आणि आकड्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली जुळवली. उकरल्याच्या खुणा शंभरात तीन-चारच काडतुसांवर निघाल्या. उलट विरुद्ध बाजूकडून हेन्री आणि विंचेस्टर या भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका मोठ्या संख्येनं चालल्याचं दिसलं. स्थानिक योद्धे संख्येनं जास्त होते, त्यांनी भूभागाचा चांगला उपयोग केला आणि ते आपल्या वस्तीसाठी लढत होते. विजयाचं श्रेय त्यांचं आहे. बिघडलेल्या काडतुसाला ते देणं मला अन्यायाचं वाटतं.

लष्करानं धडा मात्र घेतला. पुढच्या नमुन्यात कार्बाइनच्या कुंद्यात तुकडे जोडून होणारी साफसफाईची सळई ठेवायला जागा आली, आणि काही वर्षांनी तांब्याऐवजी पितळी काडतुसं आली. 1896 मध्ये धूर न करणाऱ्या दारूची क्राग कार्बाइन आली. 1903च्या स्प्रिंगफील्डची नळी 24 इंचांची ठेवली, पायदळ आणि घोडदळ दोघांना एकच. तिथे अमेरिकेच्या घोडदळाची वेगळी कार्बाइन संपली.

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं यलोस्टोनला आवर्जून जातात. पूर्व दरवाजातून बाहेर पडल्यावर सुमारे 80 किलोमीटरवर कोडी गाव आहे आणि तिथल्या बफेलो बिल सेंटरमधलं बंदुकांचं संग्रहालय पाहायला अर्धा दिवस ठेवावा. मॅसॅच्युसेट्समधला स्प्रिंगफील्डचा जुना कारखानाही आता संग्रहालय आहे. काचेपलीकडे कार्बाइन दिसली की आधी डावी बाजू बघा. तिथे एक लोखंडी दांडा असतो आणि त्यावर सरकणारी कडी. स्वाराच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येणाऱ्या रुंद कातडी पट्ट्याचा आकडा या कडीत अडकायचा, आणि नळीचं टोक खोगिराच्या उजव्या बाजूच्या लहान कातडी खोबणीत. हात सुटला तरी बंदूक पडत नाही. लाकडावर पुसट लंबगोल शिक्के दिसले तर ते सरकारी तपासनिसाचे. कोणी हौसेनं लाकूड घासून चकचकीत केलं की हे शिक्के जातात, आणि त्याबरोबर बंदुकीची किंमतही.

अमेरिकेच्या कायद्यात 1898 पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू मानली जाते, त्यामुळे बाजार मोठा आहे आणि बनावटही भरपूर. कुंद्यात दळायचं चक्र बसवलेली ‘कॉफी मिल’ शार्प्स हे त्याचं ठळक उदाहरण: अस्सल मोजक्याच, नकली कितीतरी, आणि अस्सल चक्रातही कॉफी नीट दळली जात नाही. ट्रॅपडोअरच्या बाबतीत पायदळाची लांब रायफल कापून कार्बाइन म्हणून विकायची युक्ती जुनी आहे, कारण कस्टरच्या काळातल्या कार्बाइनला फार मोल येतं. ती पकडायची तर नळीखालचं लाकूड बघा. रायफलीला गजासाठी लांब खाच असते, कार्बाइनचं लाकूड खालून अखंड असतं. खाच बुजवली असेल तर लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. मग नळीवरची नेम धरायची मागची माशी पाहा. कार्बाइनची दारू कमी, म्हणून तिच्या माशीवरचे अंतराचे आकडे वेगळे, आणि पुढच्या काळातल्या माशीवर ओळखायला इंग्रजी ‘सी’ कोरलेला असतो.